धरणात पाणी नेमकं किती? टीएमसी, दलघमी, क्युसेक आणि आपला लिटर

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

 

पावसाळा आला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे भजी, आणि दुसरी म्हणजे धरणांचे आकडे. सकाळी पेपर उघडा, टीव्ही लावा, व्हॉट्सअॅप बघा, आकडेच आकडे. आता मी तुम्हाला तीन आकडे सांगतो. तिन्ही धरणं काठोकाठ भरली तर किती उपयुक्त पाणी असतं, त्याचे हे आकडे आहेत.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. मुंबईला पाणी देणारे सात तलाव मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. आणि मराठवाड्याचं जायकवाडी २,१७१ दलघमी.

आता पटकन सांगा, सगळ्यात जास्त पाणी कुठे?

आकडा बघितला तर मुंबई. लाखांत आहे ना! पुणं तर बिचारं २९ वर अडकलंय. पण खरं उत्तर आहे जायकवाडी. त्याच्या खालोखाल मुंबई आणि मग पुणे. तिन्ही एकाच मापात मांडले तर जायकवाडी साधारण ७७ टीएमसी, मुंबई ५१ आणि पुणे २९. म्हणजे मुंबईचा साठा पुण्याच्या पावणेदोन पट, आणि जायकवाडीचा दीडपट मुंबईपेक्षा. लाख आणि २९ या आकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही.

तर आजचा विषय हाच. पाणी एकच, पण ते मोजायची मापं वेगवेगळ्या घराण्यांतली. काही ब्रिटिश फुटांच्या घराण्यातली, काही मीटरच्या. आणि जोवर आपण ती एका मापात आणत नाही, तोवर कुणाच्या वाट्याला किती पाणी येतंय आणि नदीतून आपल्या दिशेने किती पाणी येतंय, हे दोन्ही आपल्याला कळत नाही.

घाबरू नका, गणित फार नाही. आज तुम्हाला मुख्यतः एकच आकडा लक्षात ठेवायचा आहे. तो आकडा म्हणजे २८.३.

२८.३ आला कुठून?

सुरुवात घरातून करू. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच असा एक डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात मावतं बरोबर १ लिटर पाणी. हाच डबा प्रत्येक बाजूने एक मीटर केला की झाला घनमीटर. त्यात मावतात १,००० लिटर. मेट्रिक पद्धतीचं हे सुख आहे, सगळं दहाच्या पटीत. शून्यं वाढवायची किंवा काढायची, बस्स.

आता तोच डबा प्रत्येक बाजूने एक फूट करा. हा झाला घनफूट. यात किती मावतं? २८.३ लिटर. ऑफिसात पाण्याचा तो २० लिटरचा जार असतो ना, त्याच्या जवळजवळ दीडपट.

आता टीएमसी. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, अर्थात शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, तर शंभर कोटी घनफुटांत २,८३० कोटी लिटर. हा झाला १ टीएमसी.

आणि दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणून दहा लाख घनमीटरमध्ये १०० कोटी लिटर. आता २,८३० कोटीला १०० कोटीने भागा. उत्तर येतं २८.३. म्हणजेच १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी.

बघितलंत? तोच आकडा परत आला. घनफुटातून लिटर करायचे तरी २८.३, टीएमसीतून दलघमी करायचे तरी २८.३. आणि पुढे क्युसेकला पोहोचलो की तिथेही हाच भेटणार आहे.

मुंबईचं तर आणखी सोपं. १ दलघमी म्हणजे १,००० दशलक्ष लिटर. त्यामुळे मुंबईच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक झाकायचे. १४,४७,३६३ चे झाले १,४४७ दलघमी. त्याला २८.३ ने भागलं की ५१ टीएमसी. संपलं.

पण हे फूट अजून आहेत कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आणली. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी शेर, पायली, चिपटं, मापटं होतं. तेही गावागणिक वेगळं! या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नाही. ते सगळं जाऊन दूध लिटरवर आलं, पेट्रोल लिटरवर आलं.

धरणं आणि कालवे मात्र ब्रिटिश इंजिनिअरांच्या फुटांत रुजलेले होते. नोंदी फुटांत, प्रवाह घनफुटांत. आणि मग राज्याराज्यांतले करारही त्याच मापात झाले. कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी नेमलेल्या लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, सत्तरच्या दशकात वाटणी केली ती अशी: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७०० आणि आंध्र प्रदेश ८०० टीएमसी. ज्या भांडणाचा निवाडाच टीएमसीत लिहिलाय, ते भांडण पुढेही टीएमसीतच चालणार, नाही का?

त्यामुळे आज परिस्थिती अशी की कृष्णा आणि भीमेच्या पट्ट्यात लोक टीएमसीत बोलतात, गोदावरीच्या बाजूला दलघमीत, आणि मुंबईत दशलक्ष लिटरमध्ये. दिल्लीच्या बातम्या ऐकल्यात तर तिथे अजून मिलियन गॅलन चालतात. तो ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा. आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओच्या मेम्ब्रेनवर ‘८० जीपीडी’ असं काही लिहिलेलं असतं ना, तो आहे अमेरिकन गॅलन, ३.७८५ लिटरचा. नाव एकच, माप वेगळं. ८० जीपीडी म्हणजे दिवसाला साधारण ३०० लिटर, तेही कंपनीच्या चाचणीतल्या आदर्श परिस्थितीत.

आता हा नुसता तक्रारीचा मुद्दा नाही. मापं वेगळी असली की तुलना होत नाही, आणि तुलना झाली नाही की प्रश्न विचारले जात नाहीत. एक उदाहरण देतो. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे, कोकणात वळवलं जातं. त्यासाठी बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. मुंबईचे सातही तलाव मिळून ५१ टीएमसी. हे योग्य की अयोग्य, तो वेगळा विषय आहे, विजेचं मोलही मोठं आहे. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेले तुम्ही किती वेळा पाहिलेत? एक टीएमसीत, दुसरा दशलक्ष लिटरमध्ये. ते एकमेकांना भेटतच नाहीत.

टीएमसी आणि टीसीएम

इथे एक छोटा पण महत्त्वाचा थांबा. जलसंधारणाच्या कामांच्या बातम्यांत तुम्ही ‘टीसीएम’ वाचलं असेल. जलयुक्त शिवारच्या काळात हे माप गावागावांत पोहोचलं. टीसीएम म्हणजे थाउजंड क्युबिक मीटर, हजार घनमीटर, १० लाख लिटर.

दोनच अक्षरांची अदलाबदल. पण १ टीएमसी म्हणजे २८,३१७ टीसीएम! एखाद्या भाषणात किंवा बातमीत ‘आमच्या तालुक्यात ५०० टीएमसी पाणी अडवलं’ असं आलं तर समजायचं की अक्षरं उलटी पडली आहेत. ५०० टीएमसी म्हणजे जवळपास पाच कोयना धरणं. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. आणि ५०० टीसीएम म्हणजे ५० कोटी लिटर, एका तालुक्यासाठी पटण्यासारखा आकडा.

क्युसेक म्हणजे साठा नव्हे

आता येऊ सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे. ‘धरणातून ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं.’ हे वाक्य आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पण ते अर्धंच वाक्य आहे. कारण क्युसेक म्हणजे क्युबिक फूट पर सेकंद. हे पाण्याचं माप नाही, पाणी किती जोरात जातंय त्याचं माप आहे. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावतेय म्हटल्यावर ती किती लांब गेली हे कळतं का? नाही. किती वेळ धावली ते सांगावं लागतं. तसंच इथे.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हटलं होतं ना, पुन्हा भेटणार!

आता ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. सोसायटीत येतो तो टँकर १० हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला शंभर टँकर. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत तीनशे टँकर नदीत गेले. हे डोळ्यांसमोर आणलं की नदीपात्रातली गाडी काढायला ‘बघू जरा वेळाने’ असं कुणी म्हणणार नाही.

आणि हिशेबासाठी एक खूणगाठ बांधा: साडेअकरा हजार क्युसेकने अख्खा दिवस, म्हणजे २४ तास पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं. नेमका आकडा ११,५७४ आहे, पण साडेअकरा हजार पुरे.

याचा उपयोग काय? खडकवासल्याचं बघा. चार धरणांच्या साखळीत खडकवासला सगळ्यात खाली आणि सगळ्यात लहान. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७ टीएमसी. आता समजा खडकवासला काठोकाठ भरलंय आणि ३५ हजार क्युसेकने पाणी सोडलं. वरून एक थेंबही आला नाही, तर ते किती वेळात रिकामं होईल? सोळा तासांच्या आत!

हेच उलट करून बघा. रिकाम्या खडकवासल्यात ३५ हजार क्युसेकने पाणी यायला लागलं, तर सोळा तासांत भरलं. म्हणजे मोठ्या पावसात या धरणाला पाणी धरून ठेवायला फार जागाच नाही. म्हणून पानशेत-वरसगाव भरलेली असताना घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला, की रात्री-अपरात्री विसर्ग वाढतो आणि मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. साठ्याचा आकडा आणि प्रवाहाचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही. ‘धरण ९० टक्के भरलं’ ही बातमी पिण्याच्या पाण्यासाठी आनंदाची असते, पण नदीकाठच्या माणसासाठी तीच सावध होण्याची असते.

कोयनेच्या बातमीत ‘पायथा विद्युतगृहातून २,१०० क्युसेक’ असं येतं. साडेअकरा हजाराच्या खुणेने बघा, १ टीएमसी जायला साडेपाच दिवस लागतील. म्हणजे तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण वक्र दरवाजे उघडून विसर्ग ५० हजारांवर गेला तर दिवसाला ४ टीएमसीहून जास्त. हा फरक सांगली-कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको.

आणि आणखी एक शब्द ऐकून ठेवा, ‘क्युमेक’. क्युबिक मीटर पर सेकंद. केंद्रीय जल आयोगाच्या पूर-पत्रकांत हा असतो. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. ‘एक हजार क्युमेक’ ऐकून कुणी ‘हजारच ना’ म्हणून झोपायला गेला, तर लक्षात ठेवा, ते ३५ हजार क्युसेक आहेत.

उणे पन्नास टक्के म्हणजे काय?

आता उजनी. सोलापूरकर मंडळी ऐकत असतील तर त्यांना माहीत आहे, उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी उणे ५० टक्क्यांवर’. धरणात उणे पाणी कसं असेल? खड्डा पडला का?

तर टक्केवारी काढली जाते उपयुक्त साठ्याची. धरणाच्या तळाचं जे पाणी नेहमीच्या दारांतून कालव्यात येऊ शकत नाही, त्याला म्हणतात मृतसाठा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यात मृतसाठाच जवळपास ६४ टीएमसी, आणि उपयुक्त साडेत्रेपन्न. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. त्याखाली गेलं की उणे.

उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून साधारण २७ टीएमसी वापरलं गेलं. मग उरलं किती? सुमारे ३७ टीएमसी. आता गंमत बघा. पुण्याची चारही धरणं शंभर टक्के भरली तरी २९. म्हणजे उणे ५० टक्क्यांच्या उजनीत शंभर टक्के भरलेल्या पुणे साखळीपेक्षा जास्त पाणी असतं!

याचा अर्थ सोलापूरची चिंता खोटी आहे, असा अजिबात नाही. ते पाणी खाली आहे, गाळावर आहे, पंप लावून उचलावं लागतं आणि सगळ्यांना पोहोचत नाही. पण ‘टक्के’ हे माप नाही, हे यातून कळतं. टक्के ऐकले की विचारायचं, कशाचे टक्के?

आपल्या वाट्याला किती?

एवढे मोठे आकडे झाले, आता माणसापाशी येऊ. भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं असा आपल्याकडचा निकष आहे. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५ लिटर. या हिशेबाने १ टीएमसी पाणी शहरातल्या पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरतं, आणि ५५ लिटरने १४ लाख माणसांना. गळती आणि बाष्पीभवन यात धरलेलं नाही, ते वजा केलं तर आकडा खाली येतो.

पण हा हिशेब हाताशी ठेवा. पुढच्या वेळी ‘अमुक धरणातून ३ टीएमसी अधिक मिळणार’ असं आश्वासन आलं, की भागाकार करायचा. आपल्या शहराची लोकसंख्या किती, माणशी किती येतं, आणि ते नळाला का येत नाही, हे विचारायचं.

शेवटी एक घरगुती उपयोग. सोसायटीत टँकर येतो, १० हजार लिटरचे पैसे घेतो. पाणी खरंच तेवढं येतं का? तुमच्या खालच्या टाकीची लांबी-रुंदी फुटांत मोजा. समजा दहा फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे एक फूट पाणी चढलं की ८० घनफूट. गुणिले २८.३, म्हणजे साधारण २,२६५ लिटर. तर १० हजार लिटरने पाणी ४ फूट ५ इंच चढायला हवं. टँकर यायच्या आधी वापराचा पंप बंद ठेवा, काठी बुडवून खूण करा, टँकर रिकामा झाला की परत खूण करा. साडेतीन फूटच चढलं, तर दोन हजारांहून जास्त लिटर कमी आलंय. भांडायची गरज नाही, काठी दाखवायची.

आणि पावसाचं? तेही लिटरच आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची असेल, तर १ मिलिमीटर पावसाचे ९३ लिटर. एका दिवसात ५० मिलिमीटर पडला, तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी तुमच्या गच्चीवरून गटारात गेलं. जवळपास अर्धा टँकर!

तर मंडळी, आज काय बरोबर न्यायचं? एक, २८.३ हा आकडा. दोन, साडेअकरा हजार क्युसेक एक दिवस म्हणजे १ टीएमसी. आणि तीन प्रश्न. आकडा ऐकला की विचारायचं: हा साठा आहे की प्रवाह? प्रवाह असेल तर किती वेळ? आणि साठा असेल तर त्यातलं वापरता येणारं किती?

तुमच्या भागातल्या धरणाचा आजचा साठा शोधा, त्याचे लिटर करा, माणशी किती येतात ते काढा आणि आम्हाला नक्की कळवा. गणित चुकलं तरी चालेल, आपण मिळून दुरुस्त करू. भाग आवडला तर पाण्याचे आकडे वाचून गोंधळणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात सावध राहा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!